ऑफ-रोड गाडीचे पाटे बदलताना: पारंपरिक संच की पॅराबोलिक?

मुंबईतील ज्यांच्याकडे जिप्सी, २०२० पूर्वीची थार किंवा हायलक्ससारखा पिकअप ट्रक आहे आणि जे सुट्टीच्या दिवशी कर्जत-मुरबाडच्या कच्च्या वाटांवर गाडी नेतात, त्यांच्यासमोर मूळ पाटे (लीफ स्प्रिंग) कमान जाऊन बसले की एकच प्रश्न येतो: पुन्हा अनेक पाट्यांचा पारंपरिक संच बसवावा, की दोन-तीन पाट्यांचा पॅराबोलिक संच घ्यावा? जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे असतात, तर बहुतेक जुन्या थारना आणि हायलक्सला ते फक्त मागे असतात, एवढा फरक लक्षात ठेवावा. गाडीत नेहमी किती वजन असते, यावरून हा निर्णय घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी किती उंच दिसेल हा मुद्दा त्यानंतरचा.

पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवली, तर ८ मिलिमीटर जाडीचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या पाट्यापेक्षा सुमारे २.४ पट ताठर असतो आणि दोन्ही सारखेच वाकवले असता जाड पाट्यावरील ताण एक-तृतीयांशाने अधिक असतो. याचा अर्थ असा की, तेवढेच वजन पेलायचे असेल तर पातळ पाटे जास्त संख्येने लावलेला संच खड्ड्यात अधिक वाकू शकतो आणि चाक जमिनीला धरून राहते. लांबीचा परिणामही असाच मोठा आहे: ११० सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटरचा पाटा घेतला, तर ताठरपणा जवळजवळ पाव हिश्शाने उतरतो, मात्र त्यासाठी चासीवरील हँगरची (पाट्याचे टोक धरणाऱ्या कंसाची) जागा बदलावी लागते. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत चौकशी करताना ‘किती पाट्यांचा संच’ एवढेच न विचारता, कॅलिपर सोबत नेऊन प्रत्येक पाट्याची जाडी स्वतः मोजावी.

पारंपरिक संचात पाटे पूर्ण लांबीभर एकमेकांवर घासतात. या घर्षणामुळे उसळी थोडी आवरली जाते खरी, पण लहान धक्क्यांना संच हलतच नाही आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर रिकामी गाडी दणके देत चालते. पॅराबोलिक पाटा मध्यभागी जाड असून टोकांकडे पॅराबोलाच्या वक्राप्रमाणे पातळ होत जातो, त्यामुळे ताण लांबीभर जवळपास सारखा वाटला जातो आणि कमी पोलादात तेवढेच काम होते. हे पाटे फक्त मध्यभागी आणि टोकांपाशी टेकतात, घर्षण नगण्य राहते आणि हलक्या गाडीतही चाक सहज वर-खाली होते. मात्र घर्षण गेले की उसळी आवरण्याचे सगळे काम शॉक अॅब्सॉर्बरवर येते; जुनेच शॉक ठेवून पॅराबोलिक बसवलेली गाडी घाटात डोलते, म्हणून शॉकचा खर्च संचाच्या किमतीतच धरावा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक आणखी ठळक होतो. समुद्राकाठची दमट हवा, जून ते सप्टेंबरचा चिखल आणि पाट्यांमध्ये अडकलेली बारीक वाळू यांमुळे पारंपरिक संचात पाट्यांच्या मधोमध गंज धरतो, पाटे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि जिथे घासतात तिथेच तडे सुरू होतात. दर पावसाळ्यानंतर संच सोडवून, घासून, ग्रीस लावण्याची तयारी नसेल, तर पॅराबोलिक निश्चितच सोयीचा.

तरीही मी सर्वांना पॅराबोलिक सुचवणार नाही. जो पिकअप आठवडाभर माल वाहतो आणि रविवारी डोंगरात जातो, त्याला पारंपरिक संचच योग्य आहे, कारण त्यात खाली मदतनीस पाटे ठेवता येतात, जे रिकाम्या गाडीत टेकत नाहीत आणि भार वाढल्यावरच कामाला लागतात. शिवाय सात पाट्यांपैकी मधला एखादा तुटला तरी गाडी हळूहळू घरी आणता येते. दोन पाट्यांच्या संचात एक तुटणे ही गंभीर बाब असते. कोणताही संच घेताना दुसरा पाटा मेन पाट्याच्या डोळ्याभोवती (टोकाच्या बोल्टसाठीच्या गोल वळशाभोवती) वळवलेला आहे का, हे पाहावे. मेन पाटा डोळ्यापाशी तुटला तरी तो वळसा अॅक्सल जागेवर धरतो.

उंचीसाठी गॅरेजमध्ये ‘एक पाटा वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याने गाडी उचलते, पण ताठरही होते, म्हणजे ऑफ-रोडसाठी जे हवे त्याच्या उलट. अॅक्सलखालचे पाटे अॅक्सलच्या वर घेतल्यास संच न बदलता भरपूर उंची मिळते. मात्र चढावर जोर लावताना अॅक्सल पाट्यांना ‘एस’ आकारात पिळू लागतो, त्यामुळे टॉर्क रॉडशिवाय (अॅक्सलचे पिळणे रोखणाऱ्या दांडीशिवाय) हा बदल करू नये. मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्यावे.

बसलेले पाटे लाल तापवून पुन्हा कमान देणे स्वस्त पडते, पण त्यानंतर तेलात थंड करून नियंत्रित तापमानाला टेम्परिंग (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा मर्यादित तापवणे) केले नाही, तर पोलाद एक तर पुन्हा बसते किंवा काचेसारखे तडकते. भट्टीवाल्याकडे ही सोय नसेल, तर नवा संच घ्यावा.

बसवताना पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच वापरावेत, कारण एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तसे घट्ट बसत नाहीत. रबरी बुश असतील, तर शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत.