घासलेला ड्राइव्ह बेल्ट बदलून आठ महिने: मोवर आता चढावर थांबत नाही

बसून चालवायच्या मोवरचा, म्हणजे गवत कापायच्या गाडीचा, ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा) मी दोनदा बदलला. पहिला पाच आठवड्यांत गेला. दुसऱ्याला आता आठ महिने झालेत आणि तो मजेत चालतोय. फरक निव्वळ बेल्टचा नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लक्षणं अशी: चढावर गाडी दम टाकायची, पेडल दाबलं की क्षणभर किंचाळून मग निघायची, सीटखालून करपलेल्या रबराचा वास. पाती मात्र जोरात फिरत होती, म्हणजे डेकचा, पाती बसवलेल्या खालच्या भागाचा, बेल्ट शाबूत. चाकांकडे जाणारा घसरत होता. तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स बसला की काय, अशी धास्ती होती. पण त्याची कुरकुर बहुतेक वेळा तेल तापून पातळ झाल्यावर सुरू होते. माझी गाडी थंड असतानाच अडत होती.

बेल्ट काढून व्हर्नियर लावला. मूळ रुंदी 12.7 मिलिमीटर, उरली होती जेमतेम 11. एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण असा V आकाराचा व्ही-बेल्ट ताकद नेतो ती दोन तिरप्या कडांनी. कडा झिजल्या की तो खाचेत खोल उतरतो, आणि तळाला टेकला की पकड संपली. इंजिनाच्या पुलीत बॅटरी मारून पाहिलं, तर खाचेचा तळ नव्या नाण्यासारखा चकाकत होता. जिथे बेल्टचा स्पर्शच व्हायला नको, नेमकी तीच जागा घासून लख्ख.

इथे मी पहिली चूक केली. जुना बेल्ट दोरीने मोजला आणि त्या लांबीचा साधा, पॉलिस्टर दोऱ्यांचा बेल्ट आणला. जुना ताणून लांबलेला असणार, हे डोक्यात आलंच नाही. नवा आधीच लांब, त्यात तो आणखी ताणला गेला. आयडलरचा, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या मोकळ्या पुलीचा, हात स्प्रिंगच्या ओढीने सरकत सरकत टोकाला जाऊन थांबला, पुढे ताण द्यायला जागाच नाही. पाचव्या आठवड्यात पुन्हा तोच वास.

दुसऱ्यांदा खोललं तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. सपाट आयडलर हाताने फिरवला तर बेअरिंगमध्ये वाळू भरल्यासारखी खरखर, आणि अर्ध्या फेऱ्यात तो थांबला. बेल्ट त्याच्यावर फिरत नव्हता, घासत होता! बेल्टच्या पाठीवर काचेसारखी तकाकी होती, ती तिथूनच आली होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. दोन्ही आयडलर बदलले आणि बेल्ट या वेळी मशीनच्या पुस्तकातला पार्ट नंबर बघूनच घेतला, अ‍ॅरामिड दोऱ्यांचा. हे दोरे फारसे ताणत नाहीत, आणि क्लचसारखा सतत सैल-घट्ट होण्याचा मारही सोसतात.

बसवण्याचं काम अवघड नाही, किचकट आहे. किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर सोडली, चाकांना लाकडं लावली. माझ्या मशीनमध्ये ब्रेक पेडल दाबून अडकवलं की बेल्टचा ताण सुटतो, त्यामुळे स्प्रिंगशी झटापट करावी लागली नाही. डेक बाहेर ओढला, जुन्या बेल्टच्या वाटेचे चार फोटो काढले. पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच क्रँकशाफ्टवर बेल्टच्या पुलीखाली बसतो. त्याचा बोल्ट काढताना घाम फुटला, आणि वायरचा प्लग आधी सोडायला हवा हे वायर ताणल्यावर आठवलं. मागे गिअरबॉक्सवरच्या पंख्याचं एकेक पातं ओलांडत बेल्ट उतरवायचा आणि तसाच चढवायचा. बोटं सोलतात, हातमोजे घालाच. शेवटी टॉर्च घेऊन आडवं पडायचं आणि प्रत्येक पुलीजवळ बेल्ट राखण-पिनांच्या (तो पुलीवरून निसटू न देणाऱ्या पिनांच्या) आत आहे ना, ते बघायचं. माझा एका पिनेच्या बाहेरून गेला होता. पहिल्या वेळी तीन तास लागले, दुसऱ्या वेळी निम्मे.

आणि हो, सगळं जोडून गाडी सुरू केली तर जागची हलेना! दहा मिनिटं डोकं धरून बसलो. गाडी हाताने ढकलता यावी म्हणून ओढलेला बायपास दांडा तसाच बाहेर राहिला होता.

आता आठ महिन्यांचा हिशेब. तासमीटरवर 46 तास झालेत. पहिल्या दोन-तीन तासांत पुल्यांभोवती थोडी काळी भुकटी जमली, नंतर थांबली. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजला: 12.4 मिलिमीटर. चिरा नाहीत, कडा सुटलेल्या नाहीत. ज्या चढावर मी वाकडी वाट धरायचो, तिथे आता सरळ जातो. ओल्या गवतात कधी चाक फिरतं, पण तो दोष गुळगुळीत टायरचा.

तक्रार एकच: नवा बेल्ट पकडतो तो झटक्याने. जुन्या घसरणाऱ्या बेल्टची सवय झालेल्या पायाला पेडल हळू दाबायला आठवडाभर शिकवावं लागलं. दर तीन-चार कापण्यांनंतर आयडलरांभोवती अडकलेलं गवत ब्रशने काढतो. पाण्याचा झोत मारत नाही, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

परवापासून डेककडून बारीकशी शीळ ऐकू येतेय. या वेळी बेल्टला हात लावण्याआधी तिथले आयडलर फिरवून बघणार आहे.