फोर बाय फोर म्हणून घेतलेल्या पिकअपला पुढचा शाफ्टच नव्हता

मी चंदगड तालुक्यातला. काजूची बाग आहे आणि ती चढावर आहे. पावसाळ्यात आमच्याकडं तांबड्या मातीचा रस्ता नुसता लोण्यासारखा होतो, साधी पिकअप अर्ध्यातच आडवी होते, त्यात पिकअप रिकामी असली की मागं वजनच नसतं, मग मागची चाकं जागच्या जागी फिरत बसतात. म्हणून फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारीच घ्यायची हे ठरलेलं होतं. नवीन घ्यायची ऐपत नाही. जुन्यात झेनॉन, गेटवे, कॅम्पर सगळं बघून झालं आणि शेवटी २०१७ च्या इसुझू व्ही-क्रॉसवर मन बसलं. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ३२० एनएम टॉर्क, ७६ लिटरची टाकी. आधीच सांगतो, गाडीबद्दल माझी तक्रार नाही, मला फसवलं ते विकणाऱ्यानं.

पुण्यातला एक जुन्या गाड्यांचा डीलर, नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. जाहिरातीत लिहिलेलं, फक्त ६८ हजार रनिंग, फोर बाय फोर ओके, ॲव्हरेज १४. २०२४ च्या मार्चमध्ये मी आणि माझे दाजी बघायला गेलो. गाडी पॉलिश करून आरशासारखी केलेली, मोठे रुंद टायर, पुढं लोखंडी बंपर. स्क्रीनवर ॲव्हरेज १४.२ दिसत होतं, त्यानं बोट ठेवून दाखवलं, "बघा साहेब, मी नाही बोलत, गाडी बोलतीय." तो आकडा बटण दाबून शून्य करता येतो आणि मग रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या स्पीडनं थोडी चालवली की वाट्टेल तेवढा छान दाखवतो, हे मला नंतर कळलं.

फोर-व्हील पण चालवून दाखवली त्यानं. गोल नॉब फोर-एचला (चारही चाकांना ताकद, नेहमीचा स्पीड) फिरवला, डॅशबोर्डवर लाईट लागली. मग गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये फोर-एल (चारही चाकांना ताकद, स्पीड कमी पण ओढ जास्त) टाकलं, गाडी अशी दमदार ओढायला लागली की दाजी म्हणाले घे. इथंच आम्ही चुकलो. फोर-एल टाकलं की गिअरचा रेशो बदलतो, त्यामुळं गाडी दमदार वाटणारच, पण ती ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचतीय का हे त्यावरून कळत नाही. लाईट सुद्धा ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारा गिअरचा डबा) गुंतली एवढंच सांगते, त्याच्या पुढं काय आहे नाही हे तिला माहीत नसतं.

९ लाख ४० हजारला सौदा झाला, त्यातले दीड लाख कॅश दिले, पावती नाही. बायको फोनवर म्हणत होती सगळे चेकनंच द्या, तिचं ऐकायला पाहिजे होतं.

येताना पुण्यात टाकी पार गळ्यापर्यंत फुल केली आणि गडहिंग्लजला परत तशीच फुल केली, ३३.८ लिटर डिझेल बसलं. गाडीच्या मीटरवर २८१ किलोमीटर, फोनच्या नकाशावर ३०१. हा फरक टायरचा. कंपनीचा टायर २४५/७० आर १६, हिला बसवलेले २६५/७५, त्याचा घेर साधारण ७ टक्के जास्त, म्हणजे मीटर ७ टक्के कमी मोजतो. खरं अंतर धरलं तरी ॲव्हरेज ९ सुद्धा पडलं नाही, ते पण हायवेला, रिकाम्या गाडीला, दोघंच माणसं. ह्या गाडीनं हायवेला ११-१२ द्यायला पाहिजे. मी डीलरला फोन केला तर म्हणाला सर्व्हिस करून घ्या, वाढेल.

खरं काय ते जूनमध्ये कळलं. खताची पोती घेऊन बागेत चाललो होतो, चढाला गाडी घसरली, फोर-एल टाकलं, लाईट लागली आणि गाडी जाग्यावरच. शेजारचे तात्या ट्रॅक्टर घेऊन आले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आरं पुढची चाकं फिरंनातच की. मागचीच फिरत्यात." पोरं शाळेतनं यायची वेळ, पाऊस धो धो, तीन तास तिथं गेले.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या मिस्त्रीकडं गाडी खड्ड्यावर घेतली. त्यानं टॉर्च मारला आणि एका मिनिटात सांगितलं, "पाव्हणं, पुढचा शाफ्टच न्हाई हिला." ट्रान्सफर केसकडनं पुढच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) जाणारा जो प्रोपेलर शाफ्ट असतो तो अख्खा काढून टाकलेला. का काढला तेही डिफरन्शियलचं ऑइल सोडल्यावर समजलं, ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा होता. आधीच्या कुणीतरी फोर-एचमध्ये डांबरी रस्त्यावर पळवली असणार, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल ह्या गाडीला नसतं त्यामुळं कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. पुढं एक साईझ आणि मागं दुसरी, किंवा दोन नवे दोन गुळगुळीत असे टायर असले तर सरळ रस्त्यावर पण तेच होतं. मग आवाज यायला लागला की दुरुस्त करायच्या ऐवजी शाफ्ट काढायचा, आवाज बंद, गाडी विकायला मोकळी. मागच्या एका ब्रेकचे लायनर पण चिकटत होते, चाक हाताला चटका बसेल एवढं तापायचं, एक इंजेक्टर जास्त डिझेल सोडत होता, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) काजळीनं भरलेला. ॲव्हरेज तिथं जात होतं.

मग मी ते करायला गेलो जे टोकन द्यायच्या आधी करायचं होतं. गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जुना रेकॉर्ड मागितला. २०२२ मधली शेवटची नोंद १ लाख ४३ हजार किलोमीटर. मला दोन वर्षांनी विकताना ६८ हजार. तो आकडा बघून माझे हात थरथरत होते, खोटं नाही सांगत.

तुम्ही कुठलीही जुनी फोर बाय फोर बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन जा आणि गाडीखाली झोपा, कपडे खराब झाले तर होऊ दे. मधनं एक शाफ्ट मागं आणि एक पुढं गेलेला दिसलाच पाहिजे. मग खडीच्या किंवा मातीच्या जागेत फोर-एच टाकून स्टेअरिंग पूर्ण तोडून हळू फिरवा, फोर-व्हील खरंच लागली असेल तर गाडी अडखळते, जड होते, टायर खडी ओरबाडतात. माझी लोण्यासारखी वळली होती आणि मला ते चांगलं वाटलं. टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, त्यावरनं टायर किती जुने ते कळतं. रनिंग कमी सांगतायत आणि क्लच ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय असं असेल तर तिथनंच माघारी फिरा. ॲव्हरेज स्क्रीनवर बघू नका, स्वतःच्या पैशानं टाकी फुल करा, पन्नास-साठ किलोमीटर फिरवा, त्याच पंपावर परत फुल करा, अंतर फोनवर मोजा. डीलर ह्याला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

शाफ्ट, पुढच्या डिफरन्शियलचं काम, इंजेक्टर सगळं धरून मला १ लाख १५ हजार खर्च आला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय, ५ ते १० लाखाच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये आहे, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्याकडं त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, फोर बाय फोर ओके आणि ६८ हजार असं त्यानं स्वतः टाइप केलेलं, ते मी डिलीट केले नव्हते. कॅशच्या दीड लाखाचा मात्र काहीच पुरावा नाही.

त्यानं आता परत एक जाहिरात टाकलीय. पांढरी गाडी, फोर बाय फोर ओके, फक्त ६१ हजार रनिंग. कुणी बघायला जाणार असाल तर आधी तिच्याखाली जाऊन बघा, मग त्याच्याशी बोला.