आधी तपासणी की थेट लस?

मूल हवंय असं ठरलं की रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, प्रश्न आधी सोडवावा. आमच्या वहिनीने नाशिकच्या सिडकोतल्या माहेराहून लसीचं कार्ड आणलं: घडीवर फाटलेलं, शाई उडालेली, गोवराच्या रकान्यात नुसता एक ठिपका. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये आली, तीही पंधरा वर्षांखालच्यांसाठी. त्यामुळे आज पंचविशी ओलांडलेल्या बऱ्याच जणी तिच्यातून सुटल्या.

एक वाट म्हणजे आधी रक्तातली रुबेला आयजीजी, म्हणजे प्रतिकारशक्ती दाखवणारी अँटिबॉडी, तपासायची. प्रतिकारशक्ती निघाली तर सुईही टळते आणि लसीनंतरचं थांबणंही. नाही निघाली तर लस घ्यायचीच, रिपोर्टचे दिवस वर.

दुसरी वाट थेट एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्र लसीची. प्रतिकारशक्ती आधीच असली तरी जादा डोसाने नुकसान नाही. पण ही क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंची लस. दिवस राहिलेले नाहीत ना, ते आधी बघायचं आणि नंतर एक महिना गर्भधारणा टाळायची. सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय पणाला लागतं. त्यापुढे हा एक महिना मला कधीच जास्त वाटला नाही.

कार्ड हरवलंय, वय तिशीच्या आत? मी थेट लस म्हणेन. पस्तिशी गाठलीय, एकेक महिना मोजताय, तर तपासणी. कांजिण्या झाल्या नसतील तर तेही डॉक्टरांना आत्ताच विचारा. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस असतात, मध्ये किमान चार आठवडे. नवऱ्याने एमएमआर घेतली तर थांबावं लागत नाही. त्यानेही घ्यावीच, गोवर घरात तोही आणू शकतो.