बीबीसी मायक्रोला रास्पबेरी पाय जोडताय? लेव्हल कन्व्हर्टर कोणता घ्याल

१९८४च्या सुमारास ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक आपल्याकडच्या शाळांत आला. त्यातला एखादा चालू अवस्थेत हाती लागला, की त्याला रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक जोडून बघावा असं वाटतंच. पण मायक्रोचं जवळपास सगळं काम ५ व्होल्टवर चालतं आणि पायच्या जीपीआयओ (बाहेरची उपकरणं जोडायच्या) पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून मधे व्होल्टेज बदलून देणारं काहीतरी, म्हणजे लेव्हल कन्व्हर्टर, हवंच. ते काय असावं, हे कोणत्या पोर्टला काय जोडायचं यावर ठरतं.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या: अडचण मुख्यतः एकाच दिशेची आहे. मायक्रोतल्या टीटीएल (५ व्होल्टवरच्या जुन्या चिपच्या पद्धतीच्या) इनपुटला २ व्होल्टच्या वर काहीही मिळालं की ते ‘१’ समजतं. त्यामुळे पायकडून येणारे ३.३ व्होल्ट त्याला पुरतात. पायला जपायचं ते मायक्रोकडून येणाऱ्या सिग्नलपासून.

सगळ्यात स्वस्त उपाय दोन रेझिस्टरचा. १ किलोओहम आणि २ किलोओहम लावले की ५ व्होल्टचे ३.३ होतात. कागदावर हे बरोबर आहे, पण जुन्या चिपचा ‘१’ क्वचितच पूर्ण ५ व्होल्ट असतो. टीटीएलच्या नियमात २.४ व्होल्टही चालतात. त्याचे दोन तृतीयांश केले तर उरतात १.६, आणि तेवढ्यावर पाय ‘१’ ओळखेलच याची खात्री नाही. शिवाय युझर पोर्टमागच्या (आपली उपकरणं जोडायच्या मायक्रोच्या पोर्टमागच्या) ६५२२ चिपचं आउटपुट मुळातच अशक्त. ३ किलोओहमचा भार पडला की व्होल्टेज आणखी खाली बसतं. एखादं बटण किंवा सावकाश बदलणारी एखादी लाइन असेल आणि मीटरने मोजून खात्री केली असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

‘लेव्हल कन्व्हर्टर’ म्हणून बाजारात जी चार चॅनेलची छोटी पट्टी मिळते, तिच्यावर बहुधा बीएसएस१३८ मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आणि १० किलोओहमचे पुल-अप, म्हणजे लाइनला वरच्या व्होल्टेजकडे ओढणारे रेझिस्टर, असतात. ती दोन्ही दिशांना चालते, आणि आय-टू-सी (दोन तारांची जोडणी) किंवा ९६०० बॉडची (सेकंदाला ९६०० बिटची) टीटीएल सीरियल यांना मला तीच आवडते. तिथे एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे वेळच वेळ. पण सिग्नल वर चढतो तो पुल-अपच्या जोरावर. केबल आणि पिना मिळून ५० पिकोफॅरड धरले तर चढायला ५०० नॅनोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. मायक्रोच्या ट्यूब पोर्टवर, म्हणजे दुसरा प्रोसेसर जोडायच्या पोर्टवर, २ मेगाहर्ट्झचं अर्धं आवर्तन फक्त २५० नॅनोसेकंदांचं असतं. तिथे ही पट्टी लावलीत तर कधी चालेल, कधी नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातील.

टीएक्सबी०१०८ ही चिप दिशा आपोआप ओळखते, म्हणून ती फार मोहात पाडते. जुन्या बससाठी (अनेक लाइनच्या सामाईक जोडणीसाठी) मी ती सुचवणार नाही. तिचं आउटपुट मुद्दाम अशक्त ठेवलेलं असतं, आणि ५० किलोओहमपेक्षा कमी पुल-अप लाइनवर असेल तर तिची गफलत होते. लांब फितीची केबल तर तिला मुळीच मानवत नाही. मायक्रो स्वतःच दिशा सांगत असताना अंदाज बांधणारी चिप हवीच कशाला?

दिशा सांगायला मायक्रोकडे रीड-राइट लाइन असते; तो वाचतोय की लिहितोय ते ती सांगते. म्हणून ट्यूबसाठी माझं मत ७४एलव्हीसी२४५ या आठ लाइनच्या चिपला. तिला ३.३ व्होल्टवर चालवा. इनपुटवर ५ व्होल्ट आले तरी ती सहज घेते. पाय ‘ए’ बाजूला, मायक्रो ‘बी’ बाजूला ठेवा, दिशेच्या पिनला रीड-राइट जोडा आणि चिप चालू-बंद करणाऱ्या एनेबल पिनला ट्यूबची निवड-लाइन. मग ट्यूबची पाळी असेल तेव्हाच चिप डेटा बसवर बोलते. आठ डेटा लाइनना एक चिप पुरते. तीन अ‍ॅड्रेस लाइन, रीड-राइट, घड्याळ, ट्यूबची निवड आणि रीसेट या सात लाइन एकाच दिशेने येतात. त्या दुसऱ्या चिपमध्ये मावतात. प्रत्येक चिपच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि तारा आखूड ठेवा. पाय-ट्यूब-डायरेक्ट हा प्रकल्प पायला याच पोर्टवर दुसरा प्रोसेसर बनवतो. तो लिनक्सशिवाय थेट चालतो, कारण इतक्या कमी वेळात उत्तर द्यायला लिनक्सला जमत नाही.

दुकानात मधली अक्षरं मात्र नीट वाचून घ्या. ७४एचसी२४५ ३.३ व्होल्टवर चालवली तर तिच्या इनपुटला ५ व्होल्ट चालत नाहीत. ७४एचसीटी२४५ ५ व्होल्टवर चालते आणि पायकडे ५ व्होल्टच पाठवते. आकार तोच, पिना त्याच, आणि पाय गेला.

मायक्रोच्या मागच्या सीरियल पोर्टची गोष्ट वेगळीच आहे. तो आरएस-४२३ या सीरियल प्रमाणाचा, तिथे व्होल्टेज शून्याच्या खालीही जातं आणि सिग्नल उलटाही असतो. वरचा एकही पर्याय तिथे लावू नका. ३.३ व्होल्टवर चालवलेली मॅक्स३२३२ ही अशा सिग्नलसाठीची चिप घ्या, किंवा सरळ आरएस-२३२ची यूएसबी केबल.

काहीही निवडलंत तरी दोन्हीकडचं ग्राउंड आधी जोडा. मायक्रो चालू आणि पाय बंद अशी वेळही येईलच. अशा वेळी रेझिस्टरमधून बंद पायच्या पिनांत करंट शिरत राहतो, पण एलव्हीसी२४५ वीज नसतानाही तो अडवते.