कॅम्पर व्हॅनचे 9 महिने, चार सांगली-मिरज फेऱ्या आणि एक आत्या

दसऱ्याला घेतली, आता जुलै चालू आहे, माझ्या हातून साधारण 6400 किलोमीटर झालेत, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या (का ते पुढे येईलच).

गाडी म्हणजे डिझेल मिनीबसवर बांधलेला सेकंडहँड कॅम्पर. चेसिस कोणाची आणि आतलं काम कोणाचं ही नावं घेत नाही कारण थोडी तक्रार पण करायचीय. मागे आडवा बेड, मधे छोटा ओटा, एक शेगडी, 12 व्होल्टचा फ्रिज, 100 लिटरची पाण्याची टाकी, छतावर 400 वॉटचं सोलर, 200 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, एसी, आणि कपाटाएवढ्या जागेत एक कमोड. 17 लाख मोजले. सांगलीतल्या शाळूसोबत्याला आकडा सांगितला तर त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घालून बघितली आणि म्हणाला, "एवढ्यात कुपवाडला वन बीएचके आला असता की रे." आला असता, कबूल.

घेतली होती ती राजस्थान, स्पिती वगैरे करायला. रिटायर झाल्यावर सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं. पण झालं असं की एक गोकर्ण सोडलं तर 9 महिन्यांत चारही मोठ्या फेऱ्या सांगली-मिरजेलाच झाल्या. आई-वडील गेले, गावभागातलं (म्हणजे जुन्या सांगलीतलं) भाड्याचं घर तर केव्हाच सुटलं, त्यामुळे सांगलीत आपलं म्हणावं असं दार नाही. जायचं तर उतरायचं कुठे? एकाकडे उतरलो की दुसरा रुसतो, त्यात सगळ्यांची घरं लहान, कोणाच्या पोराची बारावी, कोणाची सून नोकरीवाली, बायको बिचारी गेल्या गेल्या पदर खोचून त्यांच्या ओट्यापाशी. आणि ज्या गावात चड्डीत फिरलो तिथे लॉजवर आधार कार्ड दाखवून रूम घ्यायची हे काही मला जमत नाही. म्हणून गेली 15 वर्षं आमचं सांगलीला जाणं म्हणजे सकाळी लग्न, दुपारी अक्षता-जेवण, रात्री पुणे.

आता गाडीबद्दल. पुण्याहून सांगली 235 किलोमीटरच्या आसपास, कारने साडेचार तास, हिने सहा. 70 च्या वर मी नेत नाही, नेली तर आतली भांडी भजन करायला लागतात. अ‍ॅव्हरेज 10 ते 11, खंबाटकीचा घाट चढताना काटा बघायचा नाही. परत येताना बोगदा असल्यामुळे तो त्रास निम्मा. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, तीनही टोलला कारपेक्षा जास्त कापले जातात, हे घेताना कोणी सांगत नाही. मग पेठ नाक्याला डावीकडे वळलं की इस्लामपूर, आष्टा आणि उसाचा वास सुरू, तिथून पुढे मी काच खाली करतो आणि बायको धूळ येते म्हणून वर करते.

गावभागात ही गाडी नेऊ नका. लिहून ठेवा. उंची साडेनऊ फूट आणि त्या बोळांत डोक्यावर केबलच्या वायरी लोंबत असतात, डिसेंबरच्या फेरीत एक वायर छतावरच्या फॅनच्या टोपणात अडकली आणि मागे लग्नाच्या वरातीएवढा ट्रॅफिक. शेवटी एका पोरानं कुठून तरी बांबू आणून वायर वर धरली आणि मला "येऊ द्या काका, येऊ द्या" करत बाहेर काढलं. तोंडानं च्युईंगम चालू. आम्ही राहायचो तिथे आता अपार्टमेंट आहे, खाली नुसते खांब आणि पार्किंग, कारण 2019 चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. शेजारच्या जुन्या भिंतीवर कोणीतरी तैलरंगाने त्या पाण्याची रेघ मारून ठेवलीय, ती माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर होती. मी गाडी जरा त्या खांबांसमोर लावून बघत उभा राहिलो तर वॉचमन आला, व्हिजिटर पार्किंग नाही म्हणाला. मी म्हटलं इथे माझं घर होतं. तो म्हणाला, "असंल की, पण गाडी काढा." त्याचंही बरोबरच.

रात्री घाटाजवळ मोकळ्या जागेत लावली. मागचं दार उघडं, समोर आयर्विन पूल (1929 चा, आमच्या आजोबांना त्याचं उद्घाटन आठवायचं), शाळूसोबती भडंग घेऊन आलेला, कांदा मी गाडीतल्या ओट्यावर चिरला. लहानपणी याच पाण्यात आम्ही डबा बांधून पोहायला शिकलो. आता नदीत मगरी आहेत. पोहायचं सोडाच, पाय सोडून बसायलाही मित्रानं दिलं नाही. अकरा वाजता तो उठून घरी गेला आणि दहा मिनिटांत परत आला, बायको ओरडली म्हणे, पाहुण्याला नदीवर सोडून आलात? "घर असताना गाडीत झोपतात होय?" हे वाक्य मी चार फेऱ्यांत इतक्या वेळा ऐकलंय की गाडीच्या मागे रंगवून घ्यावं म्हणतो. कॅम्परवाल्यांनी हे धरून चाला, आपल्या माणसांच्या गावात तुमचा बेड हा बेड नसतो, तो अपमान असतो. यावर आम्ही काढलेला तोडगा म्हणजे जेवण त्यांच्याकडे, झोप गाडीत, आणि सकाळचा चहा आमच्याकडे. सकाळी सात वाजता सगळं घर दात घासत आमच्या गाडीत येतं.

दुसऱ्या फेरीत हरिपूरला गेलो, कृष्णा-वारणेच्या संगमावर. वाटेवरच्या चिंचा अजून आहेत, कमी झाल्यात पण आहेत, त्यांच्या फांद्या छताला घासतात म्हणून सोलरचं पॅनेल असलेल्यांनी रस्त्याच्या मधून चालवा. हरिपूरची हळदीची पेवं आम्हाला लहानपणी भुयारं वाटायची, जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेवात उतरणारा माणूस आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आत हवा नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं गेली. मी बायकोला दाखवायला म्हणून घेऊन गेलो आणि एक धड दाखवता आलं नाही, नुसती जमीन दाखवून "इथे खाली" म्हणत राहिलो.

विजेचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. बॅटरी म्हणजे अडीच युनिट. पंखा, दिवे, फ्रिज, मोबाईल यावर दोन दिवस आरामात, सोलर असल्यामुळे उन्हाळ्यात कितीही. एसी मात्र बॅटरीवर दोन-सव्वादोन तास, बस. आणि मे महिन्यात मिरजेत दुपारी पत्र्याच्या डब्यात बसून बघा. इन्सुलेशन आहे म्हणून विकलेलं, पण दीड वाजता आतल्या प्लायला हात लावला तर चटका बसत होता. म्हणून आत्याच्या घरातून एक्स्टेंशन टाकली. घर सतारमेकरांच्या गल्लीच्या अलीकडे, वायरिंग आत्याच्या लग्नातलं असावं. एसी चालू केला आणि घराचा फ्यूज उडाला, पुढचे अडीच तास 83 वर्षांची आत्या विंझणवारा घेत ओसरीवर आणि मी इलेक्ट्रिशियनच्या मागे. तेव्हापासून 15 अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग बघितल्याशिवाय मी कुठेही पिन खुपसत नाही. पाणी मात्र तिच्याच नळाचं भरतो. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते मिरजेतूनच, तेव्हा आमच्या 100 लिटरचं काय घेऊन बसलात असं आत्या म्हणते.

आता त्याच आत्याचं. चार वर्षांत ती दवाखाना सोडून कुठे गेली नव्हती. गुडघे हे कारण ती सांगायची, सगळे तेच धरून चालले होते. कोणाचं लग्न असो की मुंज, गाडी पाठवतो म्हटलं तरी नाही. मे महिन्यातच, फ्यूजच्या दुसऱ्या दिवशी, ती कशीबशी गाडी बघायला आली, दोघांनी धरून चढवली. बेडकडे बघितलं नाही, फ्रिजकडे बघितलं नाही, कमोडचं दार उघडून आत बराच वेळ बघत राहिली. मग फ्लश दाबून बघितला. परत दाबला. म्हणाली, "हे चालत्या गाडीत चालतं?" मी म्हटलं गाडी थांबवायची, कडेला घ्यायची, मग चालतं. ती बेडवर बसली आणि म्हणाली, "मग मला वाडीला ने."

बायकोला लगेच कळलं, मला रात्री तिनं समजावून सांगितलं. बाहेर पडायचं म्हणजे आत्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नव्हती. गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, रस्त्यावरच्या संडासांची अवस्था तुम्हाला माहितीच आहे, आणि हे भाच्याला, जावयाला कसं सांगणार.

मिरज ते नरसोबाची वाडी, म्हणजे कृष्णाकाठचं दत्ताचं देवस्थान, वीसेक किलोमीटर. आम्ही दोनदा थांबलो, एकदा अर्जुनवाडचा पूल ओलांडल्यावर आणि एकदा शिरोळच्या पुढे उसाच्या कडेला, दुसऱ्यांदा मला वाटतं गरज नव्हती, सोय आहे म्हणून थांबवली. मधे एका ठिकाणी उसाचा रस प्यायली, अख्खा ग्लास, बर्फ घालून. बाकी वेळ बेडवर आडवी, उशी भिंतीला लावून, खिडकीतून बाहेर बघत आणि कोणाचं शेत कोणी विकलं ते सांगत. वाडीला घाटाच्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं, वरूनच हात जोडले. माझ्याकडून बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, फ्रिजमध्ये ठेवताना स्वतः बघितलं थंड आहे का. येताना झोपली. घोरत होती आणि मी 40 च्या वर गेलो नाही.

त्यामुळे कोणी विचारलं की कॅम्परमध्ये कमोड घ्यावा का, जागा जाते, वास येतो, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, एसी काढा पण कमोड ठेवा. वास येत नाही जर कॅसेट (कमोडखालची मैल्याची टाकी) वेळेत रिकामी केली आणि केमिकल टाकलं तर. आमची 20 लिटरची, दोघांना तीन दिवस जाते. रिकामी कुठे करायची हा खरा प्रश्न, परदेशात डंप स्टेशन असतात, आपल्याकडे शोधून दाखवा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 ला आलं, सांगलीच्या बाजूला मला तरी कॅराव्हॅन पार्क दिसला नाही, माझे पार्क म्हणजे नातेवाइकांची अंगणं. कॅसेट त्यांच्याच संडासात रिकामी करतो, ते काम मी स्वतः करतो, पहाटे, कोणी उठायच्या आत.

जूनचं राहिलं. पहिल्या मोठ्या पावसात छतावरच्या फॅनच्या कडेनं गळायला लागलं, नेमकं बेडवर. ज्यानं आतलं काम केलं त्याला फोन केला तर तो म्हणे वॉरंटी पहिल्या मालकाला होती. मग मीच शिडी लावून जुना सीलंट खरवडला तर खाली साधं खिडकीचं सिलिकॉन निघालं, तेही अर्ध्या भागात. सेकंडहँड घेणार असाल तर छतावर पाण्याचा पाईप अर्धा तास सोडा, मालकाला वाईट वाटलं तरी चालेल. आणि आरसी नीट वाचा, त्यावर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंद पाहिजे. सीटा काढून घरी बेड ठोकलेली स्वस्त गाडी कोणी विकत असेल तर लांब राहा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टानं 2019 ला सांगितलंय, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला हात वर करेल.

आणखी एक दोष आहे जो घेताना लक्षातच आला नाही, पहिली पायरी. जमिनीपासून दीड फूट वर. आम्हाला काही वाटत नाही, पण वाडीच्या दिवशी आत्याला चढवताना आम्ही तिघं घामाघूम, आणि कमोडपाशी धरायला दांडी नाही म्हणून ती बेसिनचा नळ धरून उठली, तो नळ आता गोल फिरतो. दांडी मी पुण्यात बसवून घेतली, स्टीलची, दोन बाजूंना. खाली सरकवायची पायरी फॅब्रिकेटरकडे टाकलीय, तो तीन आठवडे परवा देतो म्हणतोय.

काल आत्याचा फोन होता. नदी चढायला लागलीय, वाडीला दक्षिणद्वार होईल (पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं ते) असं लोक बोलतायत, तू कधी येतोस, आणि ती पायरी झाली का.