बँकॉक आणि को समुई: विमान की रेल्वे-बोट, आणि मुक्काम कुठे?

बँकॉक-पटायाचं तयार पॅकेज नको, शहर स्वतः फिरायचं आणि नंतर एखाद्या निवांत बेटावर चार दिवस पाय पसरायचे, असं ठरवलं की दोन प्रश्न उभे राहतात: बेटावर जायचं कसं, आणि दोन्हीकडे उतरायचं कुठे. बहुतेक जण हे प्रश्न वेगवेगळे सोडवतात, आधी हॉटेलं बघतात आणि प्रवासाचं नंतर पाहू म्हणतात. मला वाटतं प्रवास आधी ठरवावा. तो ठरला की हॉटेलचं निम्मं काम झालेलं असतं.

त्याच्याही आधी तारखा बघा. को समुई हे बेट थायलंडच्या आखातात आहे आणि तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. फुकेत आणि क्राबी दुसऱ्या बाजूला, अंदमान समुद्रावर. तिथला पावसाळा साधारण आपल्यासारखाच, मे ते ऑक्टोबर. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत समुई आणि दिवाळीनंतर फुकेत, अशी सरळ वाटणी आहे. फुकेतला मुंबईहून थेट विमान जातं, त्यामुळे दिवाळीवाल्यांना पुढचा बराचसा मजकूर लागणारच नाही. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. मी, बायको, दोन मुलं आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेली माझी आई.

समुईला जायचे तीन रस्ते. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून थेट समुईचं विमान. डॉन मुआंग या बँकॉकच्या दुसऱ्या विमानतळावरून स्वस्त विमानाने मुख्य भूमीवरचं सुरत थानी शहर आणि तिथून बस-बोट. किंवा रात्रीच्या रेल्वेने सुरत थानी आणि पुढे तीच बस-बोट. आम्ही जाताना रेल्वे आणि बोट घेतली, येताना विमान. तीच माणसं आणि त्याच बॅगा, त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

रेल्वेचं कौतुक आधी करतो, कारण ती खरंच छान आहे. जुन्या प्रवासवर्णनांत हुआ लाम्फोंग स्टेशन लिहिलेलं असतं. जानेवारी २०२३ पासून दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या, प्रचंड मोठ्या स्टेशनवरून सुटतात. मेट्रोने बांग सू स्टेशनला उतरलं की तिथे पोहोचता येतं. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात सगळे बर्थ गाडीच्या लांबीला समांतर असतात, आपल्या साइड लोअर आणि साइड अपरसारखे, फक्त बरेच रुंद. संध्याकाळी डब्यातला माणूस येतो, समोरासमोरच्या सीट ओढून जोडतो, वर गादी टाकतो, पांढरी चादर ताणून बसवतो आणि पडदा लावून देतो. मुलं ते बघतच राहिली. खालचा बर्थ रुंद, खिडकीचा आणि थोडा महाग. वरचा अरुंद आणि बिनखिडकीचा. एसी फार गार असतो, शाल हवीच.

वैताग सुरू होतो तो गाडीतून उतरल्यावर. स्टेशनचं नाव सुरत थानी असलं तरी ते आहे फुनफिनला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. आम्ही उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. बस आणि बोट मिळून एकच तिकीट काढलं होतं. ते दाखवल्यावर काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाच्या शर्टावर एक रंगीत स्टिकर चिकटवलं, कोण कुठल्या बेटावर जाणार याची खूण म्हणून, आणि बाकाकडे बोट दाखवलं. बस किती वाजता? "वेट, वेट." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अखेर बस आली. बॅगा बसच्या पोटात. डोनसाक धक्क्यापर्यंत तासाच्या वरचा रस्ता. तिथे बॅगा बाहेर, पुन्हा बाक, पुन्हा "वेट". मग बोटीच्या उतारावरून चाकं खडखडवत बॅगा आत न्यायच्या आणि गाड्या उभ्या करतात त्या मजल्यावर ढिगात रचायच्या. समुद्रातला दीड तास सुंदर होता, त्याबद्दल तक्रार नाही. पलीकडे ढिगातून आपल्या बॅगा हुडकायच्या. मग मिनीव्हॅन, आणि ती एकेका प्रवाशाला त्याच्या हॉटेलवर सोडत बेटाला वळसा घालणार. मोठ्या बोटी समुईच्या पश्चिमेला लागतात आणि बहुतेक हॉटेलं पूर्वेला आणि उत्तरेला आहेत.

वेळ गेल्याचं मला तितकं वाटलं नाही. पुढचा टप्पा कधी सुरू होणार हे कुठेच कळत नव्हतं, त्याने जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक थांब्यावर आईला बसवायचं, मुलांना तिच्याजवळ ठेवायचं, आपण बॅगांमागे जायचं, आणि बोलावणं आलं की सगळ्यांना एकदम उठवायचं. आईला स्वच्छतागृहात जायचं होतं तरी ती निघेना, तेवढ्यात बस आली तर काय, या धास्तीने. माझा निर्णय तिथेच झाला. कोणाचा अनुभव याहून चांगला असेलही. वेळेवर चालणाऱ्या सेवा असतीलच. पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी हा रस्ता सुचवणार नाही.

स्वस्त विमानाच्या रस्त्यालाही शेवटचा हाच तुकडा चिकटलेला आहे. शिवाय तुमचं मुंबईचं विमान सुवर्णभूमीला उतरत असेल तर डॉन मुआंगला जायला शहराला वळसा घालून चाळीसहून जास्त किलोमीटर जावं लागतं. तिकीट स्वस्त दिसतं, पण टॅक्सी, बस, बोट आणि अर्धा दिवस धरला की मला तरी त्यात फारसा अर्थ वाटत नाही.

राहिलं थेट विमान. ते महाग आहे, कधीकधी डोळे पांढरे व्हावेत इतकं. समुईचा विमानतळ बँकॉक एअरवेजने स्वतः बांधला, तो १९८९ मध्ये सुरू झाला, आणि बँकॉकहून तिथे जाणारी जवळजवळ सगळी विमानं अजूनही त्यांचीच. भाव फारसे पडत नाहीत ते यामुळे. लवकर बुकिंग केलं तर सकाळच्या आणि रात्रीच्या फेऱ्या जरा बऱ्या दरात मिळतात. उड्डाण तासाभराचं. समुईचा विमानतळ उघडाच आहे, भिंतींऐवजी झाडं, वर गवताने शाकारलेली छपरं, आणि विमानापर्यंत न्यायला रंगीत उघड्या गाड्या. परतताना आईने बॅगेला हातही लावला नाही. एकदा काउंटरवर दिली, ती थेट बँकॉकच्या पट्ट्यावर. पाच तिकिटांचा फरक खिशाला जाणवला, हे खरं. तरी पुन्हा जाईन तेव्हा हॉटेल एक पायरी खालचं घेईन आणि विमानाचंच तिकीट काढीन.

विमान ठरलं की बेटावरचा मुक्काम सोपा होतो, कारण विमानतळ ईशान्य कोपऱ्यात आहे. चावेंग आणि बोपूत दोन्ही जवळ. चावेंगचा किनारा लांब, वाळू पांढरी, भारतीय हॉटेलं भरपूर, पण रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. शुद्ध शाकाहारी मंडळी असतील तर चावेंगच्या बाजूला राहावं हे बरं, कारण इतरत्र भाजीतही फिश सॉस पडतो आणि तो घालू नका हे दरवेळी समजावावं लागतं. आम्ही बोपूतला राहिलो. वाळू जाडसर आहे, किनारा अरुंद, पण समुद्र शांत, आणि फिशरमन्स व्हिलेजच्या जुन्या लाकडी दुकानांच्या गल्लीतून आई रोज संध्याकाळी सावकाश फेरी मारायची. तिथल्या १२ मीटर उंच बुद्धमूर्तीला आणि प्लाय लेमच्या अठरा हातांच्या देवीला जाणंही जवळ पडतं. लमाई दक्षिणेला आहे, शांतता आणि गर्दी यांच्या मधली. जोडप्यांना आवडावी.

बँकॉकमध्ये निवड सुखुमवित आणि नदीकाठ यांत आहे. सुखुमवितला नाना आणि असोक स्टेशनांच्या आसपास स्कायट्रेन, म्हणजे उंचावरून धावणारी मेट्रो, दाराशी, खरेदी जवळ, भारतीय जेवण पावलोपावली. पण संध्याकाळनंतर काही गल्ल्यांतून मुलांना घेऊन जाणं नको वाटतं, आणि "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणणारं हॉटेल कधीकधी लांबलचक सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, पार टोकाला निघतं. दुपारच्या उन्हात ते अंतर फार होतं. सफान ताक्सिन स्टेशनजवळ राहिलात तर स्कायट्रेन वर आणि साथोर्न धक्का खाली. नारिंगी झेंड्याच्या बोटीत बसलं की राजवाडा आणि वाट फो मंदिर पायऱ्या न चढता, वाहतुकीत न अडकता गाठता येतात, आणि वाट अरुण मंदिर तर त्यांच्या समोरच्याच काठावर. जेवणाचे पर्याय तिथे कमी आहेत, पण माझं मन नदीकडेच झुकतं.

शक्यतो बेट आधी आणि शहर शेवटी ठेवा. मुंबईचं विमान पहाटे सुवर्णभूमीला उतरलं तर त्याच विमानतळावरून समुईला पुढे जाता येतं, आणि परतीच्या आदल्या दिवशी तुम्ही समुद्राच्या अलीकडे असता. दोन तिकिटं वेगळी काढलीत तर बॅग थेट समुईपर्यंत जाते का, हे मुंबईच्या काउंटरवरच विचारून घ्या.

दोघंच असाल, पाठीवर मावेल एवढंच सामान असेल आणि हातात वेळ असेल, तर रात्रीची रेल्वे जरूर घ्या. फक्त खालचे बर्थ आधीच धरा, आणि समुईच्या पहिल्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.