अकरा महिने, एक नकाशा-अ‍ॅप, एक सॅक आणि एल्कचं नव्वद किलो मांस: वापरानंतरचा अनुभव

मागच्या फेब्रुवारीत दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे शिकारीसाठीच्या नकाशांचं अ‍ॅप, वर्षाची वर्गणी भरून. दुसरी म्हणजे मांस वाहून आणण्यासाठीच बनवलेली, कडक फ्रेमची मोठी सॅक. आता जानेवारी चालू आहे. मधल्या काळात एप्रिलचा अर्ज झाला, उन्हाळ्यात तीन वेळा डोंगर पाहून आलो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स भागात सहा दिवस तंबू ठोकून राहिलो. माझ्याकडे एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, मादीचा परवाना होता, माझ्या सोबत्याकडे म्यूल डिअरच्या, म्हणजे इथल्या दुसऱ्या एका हरणाच्या, नराचा. नावं लिहीत नाही. अशी अ‍ॅपं आणि अशा सॅका बऱ्याच जणांच्या आहेत, आणि मला जे सांगायचंय ते यातलं काहीही वापरणाऱ्याला उपयोगी पडेल.

थोडं माझ्याबद्दल. मी अकोल्याच्या बाजूचा, नगर जिल्ह्यातल्या. लहानपणापासून पायाखाली सह्याद्री. इथे डेन्व्हरमध्ये घर घेतलं तेव्हा लक्षात आलं की मी झोपतो तीच उंची जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढी आहे. एल्क राहतात त्याच्याही वर, नऊ ते साडेअकरा हजार फुटांवर. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, ते जंगल आता तेवढंच उरलंय. इथलं गणित वेगळं आहे. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, कुठल्या भागात किती परवाने द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे. हा शेवटचा नियम डोक्यात पक्का बसला की सगळ्या तयारीची दिशाच बदलते.

आधी कागदपत्रं, झटपट. परवान्यांच्या मुख्य सोडतीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत भरायचा. डिअरचे सगळे परवाने १९९९ पासून सोडतीनेच मिळतात. नाही लागला नंबर तर पुढच्या सोडतीत कामी येणारा एक प्राधान्य गुण जमा होतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा कोर्स सक्तीचा. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्यालाच रहिवाशाचा दर. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याबाबत केंद्राचे वेगळे नियम आहेत, ते वाचल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आता अ‍ॅप. पहिले दोन महिने मी त्याच्या प्रेमातच होतो. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा आणि डोंगर फिरवत बसायचं. जमिनीची मालकी रंगांत दिसते, आणि या एका सोयीसाठी पूर्ण वर्गणी वसूल झाली असं मी म्हणेन. कोलोरॅडोत खाजगी जमिनीवर मालकाने पाटी लावलीच पाहिजे असं बंधन नाही. परवानगीशिवाय तिथे शिकार केली तर चूक तुमचीच. मला आवडलेल्या पहिल्या तीन जागांपैकी एक सरकारी जंगलातली होती, पण तिथे जाणारी वाट एका रँचमधून जात होती. कागदी नकाशावर हे मला कधीच कळलं नसतं. परवाना ज्या भागाचा, त्याची हद्दही फोनवर स्वतःच्या ठिपक्यासकट दिसते. एखाद्या धारेच्या अलीकडे आपण कायदेशीर आणि पलीकडे गुन्हेगार असतो, तिथे हा ठिपका फार मोलाचा.

मी जवळपास चाळीस खुणा ठोकल्या. हिरव्या खुणा चरायच्या जागांवर, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या गवताळ उतारांवर. काळ्या खुणा बसायच्या जागांवर, उत्तरेकडच्या स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या, दाट रानात. निळ्या खुणा पाण्यावर. ‘निळी सात’ नावाची एक जागा मनात भरली होती. गाडीरस्त्यापासून साडेचार मैल आत, तिन्ही बाजूंनी धार आणि मधे गवताची परात. एवढ्या आत बाकी कोणी येणार नाही, म्हणजे जनावर शांत असणार, असं मी सोबत्याला फोनवर तासभर समजावलं. तो मोंटानात वाढलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “आणि परत कसं आणायचं?”

जुलैत त्याचं उत्तर शोधायला गेलो. सॅकमध्ये बावीस लिटर पाण्याचे कॅन भरले. पाण्याचा फायदा असा की अंगाशी आलं तर ओतून देता येतं. ‘निळी सात’पासून गाडीपर्यंत अ‍ॅपने आखलेल्या रेषेवरून चालत आलो.

साडेपाच तास लागले. अ‍ॅपच्या हिशोबाने साडेतीनही लागायला नको होते. कारण नकाशात हिरवं दिसतं ते उभं जंगलच असेल असं नाही. फ्लॅट टॉप्सवर १९३९ च्या वादळात झाडं आडवी झाली, आणि त्यातून उठलेल्या भुंगेऱ्यांनी चाळीसच्या दशकात स्प्रूसची जंगलंच्या जंगलं मारली. पुढे २००२ मध्ये ट्रॅपर्स लेकच्या बाजूला मोठा वणवा लागला. आजही कित्येक ठिकाणी ओंडक्यांवर ओंडके पडलेत, कमरेइतके उंच, आणि त्यांच्यामधून कोवळी रोपं अशी दाटलीत की पाय कुठे टाकतोय ते दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात ही सगळी नुसती हिरवळ दिसते. एका ठिकाणी सव्वाशे पावलांना मी एकवीस ओंडके ओलांडले, मुद्दाम मोजले. पाठीवर बावीस किलो असताना प्रत्येक ओंडका म्हणजे आधी एक पाय, मग हात टेकून बूड, मग दुसरा पाय.

दुसरी गोष्ट कंटूरची, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांची. या भागात दोन रेषांमध्ये उंचीचं साधारण चाळीस फुटांचं अंतर असतं. तीस फुटांचा उभा कातळ या दोन रेषांच्या मधे सहज लपून बसतो. अ‍ॅपमधलं थ्रीडी चित्रही डोंगराला गोलसर, गुळगुळीत करून दाखवतं. सह्याद्रीत घळीतून उतरायची सवय असल्याने मी बेफिकीर होतो, आणि खाली खरोखरच कातळ निघाला. वळसा घालून परत वर चढावं लागलं.

त्या संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून हिशोब मांडला. एल्कची मादी म्हणजे आपल्याकडच्या थोराड सांबर नराएवढं जनावर. मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, पाठीचं आणि मानेचं मांस, हाडासकट धरलं तर नव्वद किलोच्या आसपास. दोन माणसं, प्रत्येकी दोन खेपा. साडेचार मैलांवरून याला दोन पूर्ण दिवस लागणार. ऑक्टोबरात रात्री गोठतं, पण दुपारी पंधरा अंशांपर्यंत तापतं. एल्कची कातडी इतकी जाड की मेल्यानंतरही आतली ऊब धरून ठेवते. मांडीच्या हाडापाशी मांस सगळ्यात आधी आंबतं. चाकाची गाडी आणावी म्हटलं, तर १९६४ च्या कायद्याखालच्या संरक्षित रानात मोटारच काय, ढकलायची हातगाडीही चालत नाही. घोडेवाला ठरवणं खिशाला परवडणारं नव्हतं.

म्हणून मी चाळीसपैकी सदतीस खुणा पुसल्या. उरलेल्या तिन्ही जागा गाडीपासून दोन मैलांच्या आत होत्या, आणि तिन्हींवरून ओझं घेऊन येताना वाट उताराची होती. माझ्या मते या सगळ्या तयारीत हे एक काम खरं. कुठे शिकार होईल हे शेवटी बघा. आधी गाडीपासून उलटं चालत जा, आणि मांस बिघडायच्या आत जिथून आणता येईल तिथेच थांबा. अ‍ॅप हे विचारत नाही. ते आत जायची रेषा फार सुंदर काढून देतं.

अ‍ॅपची एक तक्रार मात्र गंभीर आहे. सीझनच्या आठवडाभर आधी अपडेट आलं. मी घरीच सगळे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवले होते आणि तपासलेही होते. शिकारीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, नेटवर्कचा मागमूस नसताना, अ‍ॅपने पुन्हा लॉगिन मागितलं. लॉगिन नाही तर नकाशा नाही. पैसे भरलेल्या माणसाला अंधारात, हद्दीच्या धारेवर असं सोडणं मला अजूनही पटलेलं नाही. ग्राहकसेवेकडून चार दिवसांनी जे उत्तर आलं त्यात अ‍ॅप काढून पुन्हा टाका एवढंच होतं. त्या दिवशी वाचवलं ते १:२४,००० च्या सरकारी कागदी नकाशाने. सोबत्याच्या फोनवर अ‍ॅप चालू होतं, पण थंडीत त्याची बॅटरी साठ टक्क्यांवरून थेट मरून पडली. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, विमान मोडमध्ये ठेवा. दोघांनी एकाच अ‍ॅपवर विसंबू नका.

वाऱ्याचा अंदाजही अ‍ॅप देतं, पण डोंगरात त्याचा फारसा उपयोग नाही. पहाटे थंड हवा घळीतून खाली उतरते, ऊन उतारावर पडलं की वर चढू लागते, आणि संध्याकाळी पुन्हा खाली. मधली अर्धा-पाऊण तासाची वेळ फसवी असते. मी बारीक पुडीची छोटी बाटली जवळ ठेवतो. एक फुसकारा मारला की पूड कुठे जाते ते दिसतं. तिसऱ्या दिवशी साडेआठला सोबत्याच्या म्यूल डिअरचा एक चांगला नर शंभर-सव्वाशे पावलांवर होता. पूड आधी गुडघ्याकडे गेली, मग थांबली, मग हळूच त्याच्या दिशेने वळली. त्याने मान वर केली आणि उड्या मारत धारेपलीकडे गेला. सोबत्याचा परवाना तसाच राहिला.

माझी वेळ चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. सात माद्या स्प्रूसमधून गवतात उतरल्या. इथे एक सांगतो: अंधुक उजेडात मूस (एल्कहूनही मोठं हरीण) आणि एल्क यांत गफलत होते, आणि फ्लॅट टॉप्समध्ये मूस आहेत. दुर्बिणीतून फिकट पिवळसर ढुंगण आणि गडद मान दिसेपर्यंत मी बोट चापाजवळ नेलं नाही. अंतर एकशे ऐंशी यार्ड. उन्हाळाभर रेंजवर सराव करून मी स्वतःची हद्द अडीचशे ठरवली होती, त्यामुळे हात स्थिर होता. गोळी लागल्यावर ती पन्नास पावलं गेली आणि बसली. मी बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसलो होतो. केस वरून खरखरीत आणि मुळाशी लोकरीसारखे मऊ, आणि गवताचा वास.

मग काम. पोट न फाडता, एका कुशीवर ठेवून वरची बाजू सोलायची, फरा आणि मांडी सुटी करायची, पाठीची पट्टी काढायची, आणि जनावर उलटून तेच. मादी असल्याचा पुरावा एका मांडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. घाईत हे कापून बसू नका. प्रत्येक तुकडा जाळीदार कापडी पिशवीत, फांदीवर, वारा लागेल असा. रात्री साडेअकरापर्यंत सगळं टांगून झालं. उणे चार तापमान होतं. सकाळपर्यंत मांडी हाताला गार दगडासारखी लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

सॅकबद्दल इथेच लिहितो, कारण तिचा कस इथे लागला. फ्रेम आणि पिशवी यांच्यामधे मांस अडकवायची जागा असते; ओझं पाठीला घट्ट चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर बसतं. बावीस किलोची मांडी मी गाडीपर्यंत पावणेदोन तासांत आणली आणि दुसरी खेपही त्याच दिवशी झाली. कमरेचा पट्टा मात्र सुरुवातीला घसरायचा. उन्हाळ्यात पाण्याच्या कॅननी सराव केला म्हणून तो कुठे आवळायचा हे आधीच कळलं. फ्रेम आणि पट्टा घासून कुरकुरतात. तिथे मेण चोळलं की आवाज बंद होतो. आणि एक धोक्याची बाब: रायफलच्या मोसमात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची. एवढी मोठी सॅक चढवली की पाठीवरचं सगळं केशरी झाकून जातं. वर पुन्हा एल्कच्या रंगाचं ओझं! मी सॅकवर केशरी खोळ चढवतो आणि पिशवीला केशरी फडकं बांधतो. कंपनीने ही खोळ सोबतच द्यायला हवी होती.

घरी बायकोकडे कागदावर लिहून ठेवलं होतं: गाडी कुठे, तंबू कुठे, तीन खुणा, आणि किती वाजेपर्यंत उपग्रहावरून निरोप आला नाही तर काऊंटीच्या शेरीफला फोन करायचा. तिथे शोध आणि सुटकेचं काम त्याच्याकडे असतं. रोज रात्री आठला निरोप जायचा. चौथ्या दिवशी मांस टांगण्याच्या नादात पावणेदहा वाजले. ती सव्वानऊपासून फोन हातात घेऊन बसली होती. कागदावर मी दहा लिहिले होते, म्हणून तिने थांबून घेतलं. यंदा “शिकार झाली, उशीर होईल” हा निरोप मी आधीच साठवून ठेवणार आहे, एका बटणावर जाईल असा.

एल्कचं डोकं रोगाच्या तपासणीला दिलं. एल्क-हरणांचा मेंदू पोखरणारा, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा रोग १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सलाच पहिल्यांदा दिसला होता, आणि रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत सगळं मांस फ्रीजरमध्ये वेगळं, चिठ्ठी लावून. निकाल चांगला आला त्या रविवारी आईच्या पद्धतीने, भाजलेलं खोबरं, कांदा आणि घरचा काळा मसाला घालून पुढच्या फऱ्याचा रस्सा केला. एल्कमध्ये चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून तेल थोडं जास्त लागतं आणि मंद आचेवर अडीच तास. सोबती दोन वाट्या रस्सा पिऊन गेला, भाकरीसकट.

अ‍ॅपची वर्गणी पुन्हा भरली, मालकीच्या रंगांसाठी. सोबतच शेजारच्या दोन भागांचे कागदी नकाशे मागवलेत. एप्रिलचा अर्ज भरायच्या आधी, बर्फ असलं तरी, त्या तीन खुणांपैकी सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत एकदा ओझं घेऊन चालून येणार आहे.